पाच गिनींची पेटी

लंडनच्या बंदराला अमेरिकेहून जहाज लागलं की पीटर कॉलिन्सन नावाच्या एका कापड व्यापाऱ्याचे जकातीच्या कचेरीत हेलपाटे सुरू व्हायचे. त्याच्या नावानं लाकडी पेट्या आलेल्या असत. घरी नेऊन झाकण उघडलं की आत कागदाच्या पुड्या, वाळू, शेवाळ. आणि त्यात ओकची फळं, मेपलच्या पंखवाल्या बिया, पाइनची बोंडं, मॅग्नोलियाचे लाल दाणे. एकदा अशाच पेटीतून कासवाची अंडी आली. कॉलिन्सननं सहज झाकण काढून पाहिलं तर मातीतून एक इवलंसं डोकं वर आलेलं. बघता बघता आणखी एक-दोन ठिकाणी माती हलली आणि तीन-चार तासांत आठ पिल्लं बाहेर पडली. अख्खा अटलांटिक ओलांडेपर्यंत गप्प राहिलेली अंडी नेमकी मालकाच्या डोळ्यांसमोर फुटली, याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की लगेच पेटी पाठवणाऱ्याला सगळी हकिगत कळवली.

पेटी पाठवणारा होता जॉन बार्ट्रम, फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी. अमेरिकेत जन्मलेला पहिला मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आज त्याचं नाव घेतात. ते खोटं नाही. पण मला विचाराल तर तो आधी बियाणेवाला होता आणि त्याचं शास्त्र त्या धंद्याच्या पोटातून आलं. या धंद्याच्या सवयीमुळेच एक अख्खी वृक्षजात पृथ्वीवर टिकून राहिली. तिथपर्यंत पोचायचं तर आधी शेतकऱ्याला आणि मग त्याच्या पेटीला नीट पाहायला हवं.

जॉनचा जन्म १६९९चा, डार्बी या गावचा, क्वेकर घरातला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक साधेपणा पाळणारा पंथ. त्यांच्यात पुरोहित नसतो, शपथ घेत नाहीत, आणि त्या काळात तर ते राजापासून गड्यापर्यंत सगळ्यांना एकेरीतच बोलावत. एखाद्यानं कलेक्टरसाहेबांना ‘काय रे, कसा आहेस’ म्हणावं, तसंच. कॉलिन्सनही क्वेकरच, त्यामुळे दोघांची सगळी पत्रं ‘तू’ म्हणूनच. ती वाचताना व्यापारी आणि शेतकरी बोलताहेत असं वाटत नाही. दोन भाऊ वाद घालताहेत असं वाटतं.

जॉनची आई तो लहान असतानाच गेली. बाप दुसरं लग्न करून कॅरोलायनात राहायला गेला आणि १७११मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिक्षण गावच्या शाळेपुरतं. १७२८मध्ये त्यानं स्कूकिल नदीच्या काठी १०२ एकरांची जमीन घेतली, दलदलीतून चर काढून पाणी उतरवलं आणि स्वतः दगड फोडून घर बांधलं. ते घर अजून उभं आहे.

त्याला झाडांचं वेड कसं लागलं, याची एक गोष्ट सांगतात. नांगरताना तो घटकाभर झाडाखाली टेकला, हाताला डेझीचं फूल लागलं, ते उलगडून पाहता पाहता त्याला वाटलं, इतकी वर्षं आपण ही फुलं नांगराखाली घालतोय आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही! गोष्ट गोड आहे, पण ती ज्या लेखकानं छापली त्याला तिखटमीठ लावायची सवय होती. जॉनच्याच सांगण्याप्रमाणे त्याला लहानपणापासून औषधी झाडपाल्याची आवड होती. तेव्हा डॉक्टर दूर आणि महाग, त्यामुळे शेजारीपाजारी त्याच्याकडून औषध न्यायचे. आपल्याकडे गावोगाव अशी जाणती माणसं असतात. फरक इतकाच की या जाणत्याला समुद्रापलीकडचा एक पत्रमित्र भेटला.

पत्रव्यवहार सुरू झाला १७३३च्या सुमारास. कॉलिन्सनला बागेचं वेड होतं आणि त्याच्या ओळखीत वेडाला पैसा पुरवणारे सरदार-उमराव होते. इंग्लंडात तेव्हा बागांची नवी फॅशन आली होती: कातरलेल्या कुंपणांच्या रेघोट्या मोडून रानासारखी दिसणारी, वळणावळणाची बाग करायची. पण रान करायला झाडं आणायची कुठून?

इथं थोडा भूगोल सांगायला हवा. हिमयुगात बर्फ खाली सरकला तशी झाडांनाही दक्षिणेकडे सरकावं लागलं. झाडं चालत नाहीत, पण बिया पडत-उडत पिढ्यांमागून पिढ्या सरकतात. युरोपात त्यांच्या वाटेत आल्प्ससारखे पूर्व-पश्चिम पसरलेले पर्वत आणि त्यामागे भूमध्य समुद्र आला. पुष्कळ जाती तिथंच संपल्या. बर्फ ओसरल्यावर ब्रिटनपर्यंत परत पोचल्या त्या मोजक्याच. पूर्व अमेरिकेतले पर्वत मात्र उत्तर-दक्षिण. झाडं त्यांच्या कडेकडेनं खाली गेली आणि तशीच वर आली. म्हणून जॉनच्या घराभोवतीच्या जंगलात जितक्या प्रकारचे ओक आणि मेपल होते, तितके इंग्रज सरदारानं जन्मात पाहिले नव्हते. हिवाळ्याआधी ते लालभडक होत, ते वेगळंच.

कॉलिन्सननं वर्गणीदार गोळा केले. लॉर्ड पीटर, ड्यूक ऑफ रिचमंड, ड्यूक ऑफ नॉरफोक, ड्यूक ऑफ बेडफर्ड, आणि चेल्सीच्या औषधी बागेचा फिलिप मिलर. पुढे दर स्थिरावला: साधारण शंभर जातींच्या बियांची एक पेटी, किंमत पाच गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे पेटीचे सव्वापाच पौंड. कॉलिन्सन स्वतः दलाली घेत नव्हता. जहाज, जकात, वसुली, सगळं हौसेखातर. आणि सरदारांकडून वसुली करणं म्हणजे काय, हे उधारीवर दुकान चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता ती पेटी. जहाजाला महिना-दीड महिना सहज लागे, वारा पडला तर त्याहून जास्त. मागच्या पावसाळ्यात मी कुरिअरनं एक रोप मागवलं होतं, ते दीडशे किलोमीटरवरून चार दिवसांत आलं आणि खोकं उघडलं तर काळं पडलेलं. जॉनचं काम किती अवघड होतं, याचा अंदाज मला त्या दिवशी आला. डेकवर ठेवावं तर खारं पाणी उडतं, खाली तळाशी ठेवावं तर अंधार, कोंदट हवा आणि उंदीर. शिवाय इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध पेटलेलं असलं की शत्रूची खाजगी लुटारू जहाजं अख्खं जहाजच पळवायची. जिवंत रोपांसाठी कॉलिन्सननं एक युक्ती कळवली होती: बैलाचा मूत्राशय घ्यायचा, त्यात माती-पाणी घालून मुळं आत सोडायची आणि तोंड खोडाशी बांधून टाकायचं. आजच्या नर्सरीतल्या प्लास्टिकच्या पिशवीचा हा पणजोबा. आणि शक्य झालं तर कप्तानाला गोड बोलून पेटी त्याच्या केबिनमध्ये, पलंगाखाली ठेवायला लावायची.

बियांचं म्हणाल तर त्यांच्या दोन जाती, म्हणजे स्वभावाच्या दोन जाती. बाजरी, तूर, हरभरा वाळवून कणगीत ठेवले तर वर्षानं पेरले तरी उगवतात. पण आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी? खडखडीत वाळवलीत की मेली. तिच्यातला गर्भ ओलाव्यावरच जगतो. ओकचं फळ या दुसऱ्या वर्गातलं. वाळलं तर मरतं आणि ओलं ठेवलं तर कुजतं किंवा वाटेतच मोड येतात. मॅग्नोलियाची बीही फार कोरडी पडली की पुष्कळदा उगवत नाही. म्हणून वाळू, म्हणून शेवाळ. ओलावा धरेल पण पाणी साचणार नाही असं काहीतरी.

तिसरी अडचण पेरल्यावरची. थंड प्रदेशातल्या पुष्कळ बिया शरदात पडतात आणि लगेच उगवल्या तर हिवाळ्यात मरतील. म्हणून निसर्गानं त्यांना कुलूप लावलेलं असतं, आणि त्याची किल्ली म्हणजे ओल्या मातीतले थंडीचे काही महिने. ती थंडी भोगल्याशिवाय बी जागीच होत नाही. काही तर दुसऱ्या वसंतात उगवतात. एवढे पैसे मोजून घेतलेल्या पेटीतून पहिल्या वर्षी काहीच वर आलं नाही म्हणून माळ्यानं माती फेकून दिली, तर चूक बियांची नव्हे. अशा पेटीचा धंदा करणाऱ्याला कुठली बी कधी पिकते, कशी टिकते आणि केव्हा जागी होते हे पाठ असावंच लागतं. जॉनला ते पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यानं प्रत्येक जातीची रोपं स्वतःच्या वाफ्यात लावली होती. दर वेळी त्याच झाडासाठी शंभर मैल जायला नको, हा साधा हिशोब. त्यातूनच घरामागची ती बाग तयार झाली.

या सगळ्याचं नाव-गाव कसं ठरायचं, तेही मजेशीर आहे. आपल्याकडे ‘चाफा’ म्हटलं की सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, नागचाफा यांपैकी कुठलाही असू शकतो. आणि ही चारही झाडं वेगवेगळ्या कुळांतली. अमेरिकेतल्या वसाहतींत हाच गोंधळ होता, कारण तिथं आलेल्यांनी नव्या झाडांना जुन्या देशातली नावं चिकटवली होती. जॉन काय करायचा, तर झाडाची फुलापानासकट फांदी दाबून वाळवायचा, कागदावर लावायचा, क्रमांक घालायचा, आणि त्याच फांदीची जोडीदार त्याच क्रमांकानं स्वतःजवळ ठेवायचा. कॉलिन्सन तो गठ्ठा ऑक्सफर्डच्या डिलेनियससारख्या पंडितांना दाखवून, अमुक क्रमांक म्हणजे अमुक झाड, अशी यादी परत धाडायचा. पत्रानं चालवलेला अभ्यासक्रमच तो. एका पत्राचं उत्तर यायला सहा महिने लागले तरी विद्यार्थी चिकाटीचा होता. पुढे १७५३मध्ये स्वीडनच्या लिनियसनं दोन शब्दांत नाव लिहायची पद्धत वनस्पतींना सरसकट लावली. त्याचा शिष्य पेर काल्म १७४८मध्ये जॉनच्या घरी आला आणि पोटभर ऐकून गेला. जॉन हा जगातला सगळ्यात मोठा उपजत वनस्पतितज्ज्ञ, असे उद्गार लिनियसच्या नावावर सांगितले जातात.

जाता जाता एक नातं सांगून ठेवतो. जॉननं इंग्लंडला पाठवलेल्या झाडांत एक मॅग्नोलिया होता, कोवळ्या काकडीसारखं फळ येणारा. आपला सोनचाफा पूर्वी वेगळ्या प्रजातीत मोजत, आता शास्त्रज्ञ त्यालाही मॅग्नोलियाच म्हणतात. म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं ते काकडीचं झाड आपल्या सोनचाफ्याचं भाऊबंद निघालं.

प्रवासाला जॉन शक्यतो शरद ऋतूत निघायचा. कारण दुहेरी: पीक घरात आलेलं असतं आणि रानातलं बी पिकलेलं असतं. मागे शेत, गुरं आणि पोराबाळांचा रगाडा बायको ॲन ओढायची. तिच्याबद्दल इतिहासात चार ओळी मिळत नाहीत, पण ती नसती तर पेटी भरली नसती. १७३८मध्ये व्हर्जिनियाची फेरी: पाच आठवड्यांत ११०० मैल, घोड्यावर, मध्ये एकच दिवस विश्रांती. निघण्याआधी कॉलिन्सननं निक्षून बजावलं होतं की नवे कपडे शिवून घे; मला तू कसाही आलास तरी चालशील, पण व्हर्जिनियाचे लोक माणसाच्या आतल्यापेक्षा बाहेरचं जास्त बघतात. त्याच वर्षी त्याला सस्केहाना नदीच्या भागात जिन्सेंग सापडलं, चिनी लोक सोन्याच्या मोलानं घेतात ते मूळ. एकच प्रकारचं झाड पूर्व आशियात आणि पूर्व अमेरिकेत, मध्ये कुठंच नाही, याचं कोडं पुढच्या शतकातल्या शास्त्रज्ञांना खूप पुरलं. उत्तर पुन्हा हिमयुगाशीच येऊन थांबतं: एके काळी सगळीकडे सलग असलेल्या जंगलाची ही उरलेली दोन टोकं.

१७४३मध्ये तो कॉनराड वायझर हा दुभाष्या आणि नकाशे काढणारा लुईस एव्हान्स यांच्याबरोबर ऑनंडागाला, म्हणजे इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांच्या सभेच्या ठिकाणी, आणि तिथून ओंटारियो सरोवरापर्यंत गेला. मंडळी राजकारणाला निघाली होती, हा झाडांसाठी सोबत. त्याच वर्षी त्याच्या मित्रानं, बेंजामिन फ्रँकलिननं, फिलाडेल्फियात जी विद्वत्सभा काढली तिच्या संस्थापकांत जॉनही होता.

मूळ रहिवाशांबद्दल मात्र त्याचं मन कधीच निवळलं नाही. बापाचं मरण त्याच्या मनात होतंच. एकदा रानात वाटाड्याबरोबर चालताना समोरून आलेल्या एका माणसानं रागानं त्याची हॅट हिसकली आणि कडेकडेनं चावून काढली. पुन्हा या मुलखात आलास तर तुलाच खाऊ, असा त्याचा अर्थ असावा, असं जॉननं लिहून ठेवलं. हॅटचं ऐकून आपण हसतो. पण त्या माणसाला काय दिसत होतं, तेही पाहा: आज झाडं पाहायला आलेला, उद्या त्याच्यामागून जमीन मोजणारे येतात. त्याचा अंदाज चुकीचा नव्हता.

१७६५मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजानं त्याला ‘राजाचा वनस्पतितज्ज्ञ’ नेमलं, वर्षाला ५० पौंडांवर. म्हणजे जेमतेम साडेनऊ पेट्यांचे पैसे. तेवढ्यावर ६६ वर्षांचा हा म्हातारा फ्लोरिडाला निघाला, कारण तो मुलूख इंग्रजांना नुकताच मिळाला होता. सोबत घेतला २६ वर्षांचा मुलगा विल्यम.

विल्यम हा घरातला काळजीचा विषय. चित्रं अप्रतिम काढायचा, पण धंद्याला हात लावला की बुडालाच. वाटेत १ ऑक्टोबर १७६५ रोजी जॉर्जियात अल्तमाहा नदीच्या काठी, फोर्ट बॅरिंग्टनजवळ, बापलेकांची वाट चुकली आणि त्यांना काही फार वेगळीच झुडपं दिसली. फुलांचा मोसम सरलेला. जॉननं रोजनिशीत नोंद केली आणि ते पुढे गेले. ही नोंदही लक्षात ठेवा.

फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीतून होडीनं वर जाताना जॉन रोज थर्मामीटर पाहून लिहायचा. ३ जानेवारी १७६६च्या सकाळी पारा २६ फॅरनहाइटवर उतरलेला, म्हणजे शून्याखाली तीन सेल्सियस. फ्लोरिडातली लिंबवर्गीय झाडं गारठून गेल्याची ही जुन्यातल्या जुन्या नोंदींपैकी एक.

विल्यमला तो मुलूख इतका आवडला की त्यानं तिथंच शेतमळा करायचा हट्ट धरला. बापानं नाइलाजानं पैसे दिले आणि सहा गुलाम विकत घेऊन दिले. ज्या माणसाच्या पत्रांत पानापानांवर ईश्वराच्या सृष्टीचं कौतुक आहे, त्याच माणसानं सहा माणसं खरेदी केली. याला ‘काळच तसा होता’ म्हणून पुढे जाता येत नाही, कारण त्याच काळात त्याच्याच पंथातली माणसं गुलामीविरुद्ध कंठशोष करत होती. मळा वर्षभरातच बुडाला. त्या सहा जणांचं काय झालं, याची कुणी रोजनिशी लिहिली नाही.

विल्यम पुढे कर्जात बुडाला, घरातून निघून गेला. त्याला सावरलं ते लंडनच्या डॉक्टर जॉन फॉदरगिलनं. वर्षाला ५० पौंड देतो, दक्षिणेत फिर, झाडं आणि चित्रं पाठव. १७७३ ते १७७६ विल्यम फिरला: कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा, चेरोकींचे डोंगर, पार मिसिसिपीपर्यंत. पुरस्कर्त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही, कारण हा माणूस पाठवण्यापेक्षा पाहण्यात रमणारा. बाप मोजायचा, मुलगा थबकायचा. सेमिनोल लोकांच्या कस्कोविला गावात त्याचं स्वागत झालं, तिथल्या प्रमुखानं, ज्याला इंग्रज ‘काउकीपर’ म्हणत, त्याला नाव दिलं ‘पक पग्गी’, फुलं शोधणारा. हॅट चावली जाणाऱ्या बापाच्या मुलाला त्याच खंडात हे नाव मिळालं. मूळ रहिवाशांना माणूस म्हणून पाहणारं इतकं लेखन त्या काळात क्वचितच सापडतं. मात्र १७७३मध्ये ऑगस्टाच्या करारानं क्रीक आणि चेरोकींकडून व्यापाऱ्यांच्या कर्जापोटी वीस लाख एकरांहून जास्त जमीन घेतली गेली, तेव्हा ती मोजणाऱ्या तुकडीबरोबर हा फुलं शोधणाराही चालत होता.

१७९१मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. त्यात सुसरींची, म्हणजे ॲलिगेटरची, लढाई आहे. नाकपुड्यांतून वाफा, पाण्याचे फवारे, होडीवर चाल, आणि हातात सोटा घेतलेला विल्यम. अमेरिकन समीक्षकांनी नाकं मुरडली. इंग्लंडात कोलरिज आणि वर्ड्‌स्वर्थ या कवींनी ते पुस्तक प्रेमानं वाचलं. तारखा मात्र त्यात सपशेल चुकलेल्या, कधी वर्षच्या वर्ष इकडचं तिकडे. बापाच्या थर्मामीटरचा गुण मुलात उतरला नव्हता.

आणि आता ती झुडपं. विल्यम त्याच अल्तमाहाकाठी पुन्हा गेला तेव्हा ती बहरलेली सापडली. पांढरीशुभ्र, वाटीएवढी फुलं, मध्ये पिवळ्याजर्द केसरांचा झुबका, मंद वास. चहाच्या कुळातलं झाड. चहाचं फूल मोठं करून पाहावं तसं. त्याची दोन वैशिष्ट्यं आहेत. एक, ते उन्हाळ्याच्या शेवटी फुलतं, इतकं उशिरा की पानं लाल व्हायला लागलेली असतात आणि फुलं अजून चालूच. दुसरं, त्याचं फळ पिकायला वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणजे यंदाचं फूल आणि गेल्या वर्षीचं टणक बोंड एकाच झाडावर मिळू शकतं. बोंड तडकतंही नागमोडी रेषेत.

विल्यमनं बिया घेतल्या. धंदेवाल्या घरातला मुलगा. कितीही थबकला तरी बी घेतल्याशिवाय निघणं त्याला जमलं नसतं. जानेवारी १७७७मध्ये तो घरी आला, बिया वाफ्यात पेरल्या. त्याच सप्टेंबरात जॉन गेला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, इंग्रजांचं सैन्य फिलाडेल्फियाच्या दिशेनं येत होतं आणि आपली बाग तुडवली जाणार या धास्तीनंच तो खचला, असं घरचे सांगत. सैन्यानं बागेला हात लावला नाही. चारेक वर्षांनी त्या रोपांना पहिलं फूल आलं.

नाव ठेवलं फ्रँकलिनिया अलातमाहा: बापाच्या मित्राचं आणि नदीचं. हे नाव १७८५मध्ये छापलं जॉनचा मावसभाऊ हम्फ्री मार्शल यानं. लंडनच्या पंडितांना ही वेगळी प्रजाती मान्य नव्हती, ते बराच काळ हे झाड गॉर्डोनिया या जवळच्या प्रजातीतच घालत राहिले.

विल्यमनं एक गोष्ट हेरली होती. पेनसिल्व्हेनियापासून मिसिसिपीपर्यंत इतका फिरलो, पण दोन-तीन एकरांच्या त्या तुकड्याशिवाय हे झाड कुठंच दिसलं नाही, असं त्यानं लिहिलं. १८०३मध्ये जॉन लायन नावाचा रोपं गोळा करणारा स्कॉटिश माणूस तिथं गेला, तर अर्ध्या एकरात सहा-आठ मोठी झाडं उरलेली. त्यानंतर रानात हे झाड पाहिल्याची खात्रीची नोंद नाही. दोनशे वर्षं लोक ते शोधताहेत.

का गेलं असेल? एक मत असं की ते हिमयुगात दक्षिणेकडे सरकलेलं आणि परत वर जायचं राहून गेलेलं, मुळातच शेवटच्या घटका मोजणारं झाड होतं. याला थोडा आधारही आहे, कारण फिलाडेल्फियाच्या थंडीत ते जॉर्जियापेक्षा बरं वाढतं. दुसरं मत, पूर आणि वणवे. तिसरं, नदीच्या वरच्या अंगाला कापसाची शेती वाढली आणि तिथल्या मातीबरोबर मुळं कुजवणारा रोग वाहत खाली आला. चौथं मत मला सगळ्यात अस्वस्थ करतं: दुर्मीळ झाड आहे असं कळल्यावर लायनसारखे गोळा करणारे येत गेले, आणि त्यांनीच शेवटची रोपं उपटून बाजारात नेली. म्हणजे ज्या पेटीनं वाचवलं, त्याच पेटीनं संपवलंही असेल. कदाचित चारही कारणं थोडी थोडी खरी असतील.

विल्यम म्हातारपणी बागेतून हललाच नाही. विद्यापीठानं प्राध्यापकी देऊ केली, नाही म्हणाला. राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या काळात पश्चिमेच्या मोहिमेला बोलावलं, तब्येतीचं कारण सांगितलं. ते खरंही होतं, १७८६मध्ये बी काढायला सायप्रसवर चढला असताना पडून त्याचा पाय मोडला होता. जॉनही साठी उलटल्यावर असाच झाडावरून पडला होता. तरुण पक्षीतज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन याला त्यानं याच बागेत शिकवलं. २२ जुलै १८२३ रोजी सकाळी एका झाडाचं वर्णन लिहून तो फेरफटका मारायला उठला आणि दारातच कोसळला.

बाग आज फिलाडेल्फिया शहरात सार्वजनिक उद्यान आहे. विसावं शतक सरताना त्या बागेनंच जगभरच्या फ्रँकलिनियांची शिरगणती केली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडांची नोंद झाली. सगळी त्याच बियांची संतती. मूठभर बियांतून आलेली वंशावळ म्हटल्यावर त्यांच्यात फरक फार थोडा, आणि म्हणून एक रोग आला की कुणाजवळच वेगळं औषध नाही. लावणारे सांगतात, माती आम्लधर्मी हवी, पाण्याचा निचरा होणारी हवी, जिथं पूर्वी कापूस पिकला तिथं लावू नका, आणि एवढं करूनही एखाद्या उन्हाळ्यात हिरवंगार झाड आठवड्यात मान टाकतं. उपटून पाहिलं तर मुळं कुजलेली.